तिसऱ्या फेरीचं घड्याळ

ठकी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. पाठची. सगळं गाव तिला ताई म्हणतं, पण ठके म्हणायचा हक्क एकट्या माझा, आणि तो मी भर रस्त्यात टेम्पोची काच खाली करून बजावतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. सातवीचं वर्ष मला फार आवडलं म्हणून मी ते दोनदा केलं. ठकीनं मात्र बारावी केली, वर चार महिन्यांचं ट्रेनिंग केलं आणि सर्टिफिकेट आणलं. त्याची झेरॉक्स मी टेम्पोच्या पुढच्या काचेला लावली होती. "दादा, काढ ते," म्हणाली. काढली. आता ती मागच्या काचेला आहे.

स्वतःच्या बहिणीचं कौतुक करतो असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे. शेजाऱ्याच्या बहिणीचं करत बसू का?

ठकीचं काम असं. आमच्या गावात मनाच्या दुखण्याचं केंद्र आहे, जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्या. पूर्वी कुणाचं मन बिघडलं की त्याला लांबच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे, आणि गेलेला माणूस कधी परत येईल याचा नेम नसायचा. आता तसं नाही. केंद्रानं गावाचे सात तुकडे केलेत, एकेका तुकड्याला एकेक घरभेटवाली. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. गोळ्या, इंजेक्शनं आणि बाकीचा सगळा कारभार मोठ्या सिस्टरांकडे. बुधवारी दुपारी एक मोठं टेबल मांडतात. त्याभोवती बरे झालेले आणि बरे होत असलेले लोक चहा पीत बसतात, आणि ते टेबल चालवणारा माणूस स्वतः एके काळी तिथलाच पेशंट होता. माणूस आपल्या घरात, आपल्या गल्लीत राहूनच बरा व्हावा, असा सगळा हिशेब.

भिंतीवर एक फळा आणि त्यावर कार्डं, एका माणसाचं एक कार्ड. वरची ओळ रोज भेटायच्या लोकांची, मधली आठवड्याची, खालची महिन्याची. दर सोमवारी सगळ्याजणी फळ्यासमोर उभ्या राहतात आणि कार्डं वरखाली होतात. कार्ड खाली सरकलं की टाळी वाजते. वर सरकलं की कुणी कुणाला बोल लावत नाही, फक्त कोण कधी जाणार ते ठरतं.

या कामाला ठकी आली ती कापडाच्या दुकानातून. पंधरा वर्षं काउंटरवर उभी राहून ठाणं उलगडली तिनं. कोण कापड घ्यायला आलंय आणि कोण नुसतं कुणीतरी दोन शब्द बोलावं म्हणून आलंय, हे तिला पायरीवरच कळायचं. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकालाही ती तेवढीच ठाणं उलगडून दाखवायची. मालक कपाळाला हात लावायचा. केंद्राला नेमकी अशीच बाई हवी होती. हिऱ्याची पारख जोहऱ्यालाच, दुसरं काय!

घरभेटवालीचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. गळ्यात बिल्ला घालायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळता कामा नये. दारात खोटं बोलायचं नाही. आणि बाहेर पडताना हातातलं घड्याळ काढून केंद्राच्या दाराशी ठेवलेल्या ताटलीत टाकायचं. झालं असं होतं की एकदा एक माणूस वर्षानं तोंड उघडून बोलायला लागला, आणि समोरच्या बाईनं नकळत मनगटाकडे बघितलं. माणूस जो गप्प झाला तो झाला. तेव्हापासून ताटली. मोबाईलसुद्धा पिशवीच्या तळाशी, आवाज बंद करून.

आणि शेवटचा नियम तीन फेऱ्यांचा. तीन वेळा जायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत माणसाचा चेहरा दिसला नाही तर कार्ड फळ्यावरून खाली. मग त्यानं पुन्हा चिठ्ठी आणायची आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं. रांगेत बावीस माणसं. म्हणजे वर्ष गेलंच.

ठकीचं घोडं अडलं ते इथंच, घड्याळजींच्या दाराशी.

घड्याळजी म्हणजे बाजारातले घड्याळं दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं दुकान चालवलं. बायको गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी एक दिवस हातातला चिमटा थरथरायला लागला. छातीत धडधड, कपाळावर घाम. दुकानाचं शटर ओढून घरी आले, वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेले आणि कडी लावली. त्याला चौदा महिने झाले होते. सून खाली राहायची. डबा दाराशी ठेवायची, रिकामा डबा उचलायची. मुलगा परगावी नोकरीला. लोक म्हणाले, म्हातारा आळशी झाला. सुनेनं लोकांचं ऐकलं नाही, ती केंद्रात आली.

(हे सगळं मी त्यांना विचारून सांगतोय. म्हणाले, "खुशाल सांग, फक्त वेळा बरोबर सांग.")

पहिल्या फेरीला ठकीनं दार वाजवलं. आपण कोण, कुठून आलो, सगळं हळू आवाजात दाराला सांगितलं. आतून हूं नाही की चूं नाही. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर तासभर बसली आणि उतरली.

दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. उठायची वेळ झाली असं तिला वाटलं, पण वाटून काय उपयोग? हात मोकळा आणि मोबाईलची बॅटरी संपलेली. पुढे तिला एका बाळंतिणीकडे जायचं होतं, तिथं उशीर चालला नसता. म्हणून तिनं आपलं साधंच दाराला विचारलं, "अहो, वाजले किती?"

 आतून खरखरीत आवाज आला. "अकरा वाजून सात."

ठकी जागच्या जागी थिजली.

"सेकंद नाही सांगितले," आवाज म्हणाला. "तुम्हाला ऐकू येईपर्यंत बदलतात."

"चालेल की. अकरा सात पुष्कळ झालं."

"हातात घड्याळ नाही?"

"आम्ही केंद्रात काढून ठेवतो. ताटलीत."

"किती जणी?"

"सात."

"सातही घड्याळं एका ताटलीत?" आवाज चढला. "काचेवर काच?"

"हो."

दाराआड कुणीतरी दुखावल्यासारखा श्वास सोडला. "जा आता तुम्ही," एवढंच म्हणाले, आणि पावलं लांब गेली.

त्या दिवशी ठकी घरी आली ती तरंगतच. मी म्हणालो, "झालं की मग! बोलला ना बाबा? लिहून टाक, भेट झाली."

"चेहरा नाही दिसला, दादा."

"आवाज ऐकलास ना?"

"आवाज मी बरी आहे म्हणतो आणि माणूस आत चार दिवस जेवलेला नसतो. असं झालंय पूर्वी. म्हणून चेहरा."

"अगं, कोण बघायला येतंय?"

"मीच की," म्हणाली आणि ताट वाढायला गेली. आता अशा बाईपुढे काय बोलणार? मला एरवी कुणी गप्प करू शकत नाही. विचारा कुणालाही.

सोमवारी फळ्यासमोर घड्याळजींचं कार्ड निघालं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "गुरुवारी तिसरी फेरी. नाही दिसले तर कार्ड काढावं लागेल, बाई. मला आनंद होत नाही. पण रांगेतल्या बावीस जणांनाही दारं आहेत, आणि ती उघडायला तयार आहेत."

 ठकीची नजर वर गेली. भिंतीवर केंद्राचं लंबकाचं मोठं घड्याळ आहे, कुणीतरी भेट दिलेलं. दोन वर्षं ते चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. केंद्रात त्यावर रोज एक विनोद व्हायचा. चहा मागितला की, "चार दहा झाले, चहाचीच वेळ."

"सिस्टर," ठकी म्हणाली, "हे घड्याळ मी गुरुवारी नेऊ?"

मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं? आपण युक्तीनं दारं उघडत नाही."

"युक्ती कसली? घड्याळ बंद आहे हे खरं. ते घड्याळजी आहेत हे खरं. मी केंद्रातून आलेय हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय. विचारीन, नाही म्हणाले तर परत आणीन."

"आणि फेरी?"

"गेली तर गेली."

सिस्टरांनी वहीत लिहिलं: भिंतीवरचं घड्याळ, एक, बंद. ठकीनं सही केली.

घड्याळ न्यायचं काम अर्थातच माझं. गावात टेम्पो पुष्कळ, पण ठकीचं सामान दुसऱ्याच्या टेम्पोत गेलं तर मी मिशी उतरवीन. खाली दोन गाद्या घातल्या, त्यावर घड्याळ आडवं निजवलं, वर घोंगडी, वरून दोरीची चौकडी गाठ. नवरीला सासरी नेताना एवढं जपत नाहीत. रस्त्यात खड्डा आला की आतून खळ्ळ, टण्ण व्हायचं. मी म्हटलं, "बघ, बोलतंय. म्हणजे जीव आहे."

जिन्यापाशी सून उभी होती, पदराशी चाळा करत. मला वर जायची परवानगी नव्हती, भेटीच्या वेळी बाहेरचा माणूस चालत नाही. मी खालीच थांबलो. पण कान काही खाली बांधून ठेवता येत नाहीत.

ठकी घड्याळ छातीशी आडवं धरून चढायला लागली. एका पायरीला खळ्ळ. दुसऱ्या पायरीला टण्ण. तिसऱ्या पायरीला खळ्ळ आणि टण्ण दोन्ही.

"थांबा!"

वरून अशी काही आरोळी आली की खाली माझ्या पायातली चप्पल सुटली.

"एक पाऊल पुढे टाकू नका! लंबक काढलाय का?"

ठकी जागीच उभी. "काढायचा असतो?"

"अरे देवा! काढायचा असतो म्हणे!"

कडी वाजली. दुसरी कडी वाजली. आणि चौदा महिने बंद असलेलं दार धाडकन उघडलं.

दारात घड्याळजी. दाढी छातीपर्यंत, सदऱ्याची बटणं वरखाली, डोळे लाल, आणि राग असा की विचारू नका. "उभं धरा! उभं! मूल आहे का झोपलेलं? अहो, असं नाही, तोंड माझ्याकडे!" त्यांनी घड्याळाचं काचेचं दार उघडलं, आत दोन बोटं घातली आणि लंबक अलगद काढून घेतला. "कुणी बांधलं हे?"

ठकीनं खाली माझ्याकडे बघितलं. सुनेनंही माझ्याकडे बघितलं. घरचा भेदी म्हणतात तो असा.

"टेम्पोवाले ना तुम्ही?" घड्याळजी वरून म्हणाले. "उद्या तुम्हाला आडवं बांधून गावभर फिरवलं, तर तुमच्या पोटातलं जागेवर राहील का?"

मला या गावात कुणी असं बोललेलं नाही. मी म्हणालो, "नाही राहणार, काका."

 मग रागाच्या भरात आपण दार उघडलं, हे घड्याळजींच्या ध्यानात आलं. हातातला लंबक थरथरायला लागला. ठकीनं घड्याळ तसंच उभं धरून ठेवलं होतं आणि ती जागची हलली नाही. पुढेही नाही, मागेही नाही.

"मला न्यायला आलात?" ते हळू म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात?"

"नाही. कुणीच कुठं नेत नाही. डॉक्टर मंगळवारी, शुक्रवारी केंद्रात असतात, जुन्या पोस्टावर. तुम्ही यायचं, बोलायचं, घरी परत. गोळी लागली तर काय, कशाला, ते तुम्हाला सांगून. मी आठवड्यातून एकदा इथं येणार. पायरीवर बसा म्हणालात तर पायरीवर."

"आणि मी नको म्हणालो तर?"

"तर मी जिना उतरेन," ठकी म्हणाली. "घड्याळ उभं धरून."

घड्याळजींची मिशी जरा हलली म्हणे. मला खालून दिसलं नाही, ठकीनं सांगितलं. त्यांनी तिला आत घेतलं. खोलीत भिंतभर घड्याळं, आणि एकच चालू, खिडकीतलं छोटं. बाकीच्यांना चावी द्यायची थांबवली होती. "एवढी टिकटिक सहन होईना," म्हणाले. मग आपले हात पुढे केले आणि तिला दाखवले, जसं लहान मूल खरचटलेलं दाखवतं. ठकी अर्धा तास बसली. मनगटाकडे बघायचा प्रश्नच नव्हता.

उठताना तिनं विचारलं, "तुमचं कार्ड फळ्यावर ठेवू ना? तुम्ही हो म्हणालात तरच ठेवता येतं."

"घड्याळ ठेवून जा," ते म्हणाले. "त्याचं बघतो. माझं नंतर."

टेम्पोत बसल्या बसल्या मी म्हटलं, "जिंकलीस, ठके!"

"अर्धीच," ती म्हणाली. आणि केंद्रात जाऊन वहीत तसंच लिहिलं: चेहरा दिसला. हो म्हणाले नाहीत.

मोठ्या सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. "उद्या शुक्रवार. डॉक्टर आहेत. संध्याकाळी पाचपर्यंत कार्ड राहील. त्यापुढे मला धरता येणार नाही."

त्या रात्री ठकीनं दोनदा भाजीत मीठ घातलं आणि मी दोन्ही वेळा चांगलं झालंय म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐका.

केंद्र नऊला उघडतं. मी ठकीला सोडायला गेलो तर जुन्या पोस्टाच्या पायऱ्यांवर घड्याळजी उभे. दाढी तशीच, पण सदऱ्याची बटणं जागच्या जागी. दोन्ही हातांनी घड्याळ छातीशी धरलेलं, उभं. चार पावलं मागे सून, तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला लंबक. भर बाजारातून दोघं अशी चालत आली होती. दुकानदार दारात येऊन बघत राहिले, पण त्या चालीपुढे हाक मारायची कुणाची छाती झाली नाही.

"नऊ वाजून चार," घड्याळजी म्हणाले. "केंद्र नऊचं ना?"

मोठ्या सिस्टर धापा टाकत किल्ली घेऊन आल्या. "चुकलंच," म्हणाल्या. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा चुकलं म्हणताना ऐकलं.

"घड्याळाला काही झालेलं नव्हतं," वर गेल्यावर ते म्हणाले. "थोडं तेल दिलं. हात थरथरतात म्हणून अख्खी संध्याकाळ लागली. दुखणं घड्याळात नाही, तुमच्या भिंतीत आहे. कुठं टांगलं होतं?"

खिळा दाखवला. त्यांनी खिशातून दोरा काढला, दोऱ्याला नट बांधला आणि भिंतीवर सोडला. "बघा. हा घड्याळाचा जुना डाग, दोन बोटं वाकडा. दोन वर्षं बिचारं कललेलं. कसं चालेल? नुसतं पाठवून दिलं असतं तर तुम्ही पुन्हा तस्संच लावलं असतं, म्हणून स्वतः आलो."

मी स्टूल धरलं. होय, मीच. घड्याळजींनी खिळा सरकवला, घड्याळ चढवलं, सुनेकडून लंबक घेतला, बोटानं हलकेच ढकलला. टिक. टक. टिक. टक. बुधवारच्या टेबलाचा माणूस चहाचे कप घेऊन येत होता, तो दारातच थांबला. "आता चहाची वेळ कशी कळणार?" म्हणाला.

एव्हाना सगळ्याजणींनी फेरीला निघायचं म्हणून घड्याळं काढली होती. वळताना घड्याळजींना ताटली दिसली. सात घड्याळं, काचेवर काच, सातांत सात वेळा. ते खुर्ची ओढून तिथंच बसले. खिशातून छोटा चिमटा काढला. हात थरथरत होता. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, थरथर कमी होईपर्यंत थांबले आणि पहिलं घड्याळ उचललं.

डॉक्टर आले तेव्हा घड्याळजींनी मान वर न करता भिंतीकडे बोट केलं. "वीस मिनिटं उशीर."

"माफ करा," डॉक्टर म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. "तुमचं होऊ दे. मी थांबतो."

ठकी फळ्यापाशी उभी होती, कार्ड हातात धरून. विचारायचं धाडस तिलाही होईना. शेवटी तेच म्हणाले, "ताई, माझं कार्ड कुठल्या ओळीत जातं?"

"मधल्या. आठवड्याच्या."

"वार?"

"गुरुवार."

"वेळ?"

"अकरा."

"अकरा म्हणजे अकरा. अकरा सात नाही."

ठकीनं कार्ड मधल्या ओळीत लावलं आणि सवयीनं मनगटाकडे बघितलं. मनगट मोकळंच होतं. तिचं घड्याळ घड्याळजींच्या हातात होतं, पाठ उघडून.